ओटिलीची मुलगी कुणी नेली

राजकन्या ओटिलीबद्दल ऋताला जेवढी माहिती होती तेवढी स्वतःच्या सख्ख्या आत्यांबद्दल नव्हती. ओटिलीला कुठला चहा सोसत नसे, तिची कुठली दाढ ठणकायची, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल ती आईला काय लिहायची, सगळं तोंडपाठ. सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेली बाई. जर्मनीतल्या एका टीचभर संस्थानात जन्मली आणि अठराव्या वर्षी उत्तरेकडच्या एका राज्याच्या युवराजाला दिली. ते संस्थान आज नकाशावर नाही, ते राज्यही नाही. उरली होती ती दोनशे अकरा पत्रं, आणि ती कुठे, तर मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात. आई वारल्यावर तिला लिहिलेली पत्रं ओटिलीकडे परत आली आणि ओटिलीमागे तिच्या दासीच्या पेटीत राहिली; त्या दासीचा भाचा शेती करायला इकडे आला होता. येताना मावशीची पेटी घेऊन आला, आणि त्याच्या पणतवंडांनी जुना गोठा पाडताना ती ग्रंथालयाला देऊन टाकली.

पेटी आली, पण वाचणार कोण? अक्षराचं ते जुनं वळण आजच्या जर्मनांनाही लागत नाही. ऋताला लागलं. तिने पुण्यात जर्मनच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि पुण्यात त्या कोण देत नाही. पण त्याखेरीज ती दोन वर्षं मोडीची कागदपत्रं वाचायला बसत असे. मोडीत हात न उचलता लिहीत जायचं, अक्षरं एकमेकांत घुसवायची, आणि वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ती सोडवायची. ओटिलीचंही तेच. मुलाखतीच्या दिवशी समोर ठेवलेलं अर्धं पान ऋताने दहा मिनिटांत वाचून दाखवलं, तेव्हा विभागप्रमुख कॅरलबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. काम दोन वर्षांचं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन पाच वर्षं नुसतं घर सांभाळलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी ‘तुम्हीच हव्यात’ असं म्हणत होतं.

सिया तेव्हा अकरा महिन्यांची होती.

पुढे काय झालं हे ऋता ज्याला त्याला सांगायची, ते असं. सियाचे कान सारखे दुखायचे, पाळणाघरातून दिवसाआड फोन यायचा की ताप आहे, घेऊन जा. सासूबाई नागपूरहून सहा महिने आल्या होत्या, त्यांची परत जायची वेळ झाली. आणि जाताना त्या सियाला घेऊन गेल्या. “आमच्यात मोठ्यांना नाही म्हणता येत नाही,” एवढं बोलून ऋता खाली बघायची. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला राधिकाकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायच्या. कॅरलबाईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं होतं. सांगून सांगून त्या गोष्टीचे कंगोरे झिजले होते, आणि आता ती सांगताना ऋताचा आवाजसुद्धा नेमक्या ठिकाणी कापायचा.

योगायोग असा, की ओटिलीची गोष्टही हीच होती. तिच्या सासरच्या गावात अजून शाळेतल्या मुलांना सांगतात म्हणे. युवराज्ञीला मुलगी झाली, आमेली. दीड वर्षाची झाली तशी सासूने, म्हणजे महाराणीने, ती उचलून आपल्या महालात नेली. मूल परत आईकडे आलं तेव्हा चार वर्षांचं होतं आणि आईला ‘युवराज्ञीसाहेब’ म्हणत होतं. ओटिलीने आईला लिहिलेल्या पत्रांत पानंच्या पानं हेच दुःख होतं. ऋता दिवसा ती पानं उतरवून काढायची, आणि दुपारी डबा खाताना फोनवर नागपूरचे फोटो बघायची. सियाला दात आले. सिया चालली. सिया धरमपेठेतल्या गच्चीवर पापड राखत बसली आहे.

सासूबाईंचं नाव शोभना. चौतीस वर्षं नागपुरात इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, सासरे गेल्यापासून एकट्याच. त्या रोज नेमाने व्हिडिओ कॉल करायच्या, सियाला स्क्रीनसमोर बसवून “ही कोण? आई” असं घोकून घ्यायच्या. ऋताला त्यातही काहीतरी खुपायचं. आपल्याच मुलीला आपण पाढ्यासारखे शिकवले जातोय, असं तिला वाटायचं.

जानेवारीत पत्रांच्या प्रदर्शनाची तयारी सुरू झाली आणि ग्रंथालयाच्या वार्तापत्रासाठी ऋताची मुलाखत घ्यायला अनन्या नावाची विद्यार्थिनी आली. इथेच जन्मलेली, मराठी आईबापांची मुलगी. तिने ओटिलीबद्दल विचारलं, मोडीबद्दल विचारलं, आणि मग हळूच म्हणाली, “कॅरलने मला सांगितलं तुमच्या बेबीबद्दल. सो तुमच्या मदर-इन-लॉने तिला, लाइक, जस्ट नेलं?”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ऋता म्हणाली, “हो. जस्ट नेलं.”

लेख छापून आला. मथळा होता ‘दोन आया, एकच जखम’. ऋताचा फोटो होता, हातात ओटिलीचं पत्र. मजकूर वाचून ऋताला दोन दिवस जरा कसंसंच झालं, मग तिने मनाची समजूत घातली की हे इथलं कागदाचं भेंडोळं, नागपूरला कोण वाचतंय.

फेब्रुवारीच्या शेवटी सासूबाई सियाला घेऊन आल्या. डेट्रॉइटच्या विमानतळावर बाहेर बर्फ साचलेलं, आत ऋता आणि तिचा नवरा देवदत्त फुगे घेऊन उभे. सासूबाई ढकलगाडी घेऊन बाहेर आल्या, गाडीवर सामान आणि सामानावर सिया. तीन वर्षांची, दोन शेंड्या बांधलेली. ऋता गुडघ्यांवर बसली, हात पसरले. सियाने तिच्याकडे नीट पाहिलं, मग आजीच्या पर्सकडे हात केला.

“आजी, फोन दे नं. आईला दाखवते मी विमान.”

सासूबाईंनी घाईघाईने म्हटलं, “अगं, हीच आई, पाहा बरं, हीच.” सियाने पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. आई फोनमध्ये असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. देवदत्त हसला. ऋताला त्या हसण्याचा इतका राग आला की फुगे त्याच्या हातात कोंबून ती पुढे चालू लागली.

घरी आल्यावर जो प्रश्न सगळ्यांच्या मनात होता तो देवदत्तने तिसऱ्या दिवशी बोलून दाखवला. परतीची दोन तिकिटं होती, एकोणीस एप्रिलची. एक आईचं, एक सियाचं. सियाचं रद्द करायचं की नाही? ग्रंथालयाने ऋताचं काम एक वर्ष वाढवलं होतं. नागपूरच्या चांगल्या शाळेत सियाचं नाव घातलं होतं. देवदत्त गाड्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत, त्याला सगळ्याचं वेळापत्रक करायची सवय. “अजून एकच वर्ष, यार,” तो म्हणाला. “ती तिकडे सेट आहे. तूच बघ, इथे तिला कोणी ओळखीचं नाहीये.”

ओळखीचं नाहीये. आईबापांच्या घरात. ऋताने सांगून टाकलं की सिया इथेच राहील, आणि हवं तर तुम्ही मायलेकरं जा नागपूरला. सासूबाई सियाला वरणभात भरवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही दोघं ठरवा. माझं काही नाही.”

ऋताला त्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. घरात रोज तिला पुरावे मिळत होते. सिया आजीच्याच हातून खायची, आजीच्याच कुशीत झोपायची. ऋताने वेणी घालायला घेतली की “आजी घालून राहिली नं” म्हणत सटकायची. ते नागपुरी बोलणंही ऋताच्या कानाला टोचायचं, आपली मुलगी दुसऱ्याच कुणाच्या तोंडाने बोलतेय असं व्हायचं. रात्रीचं जेवण झालं की सासूबाई आपणहून वरच्या खोलीत जायच्या, म्हणायच्या, “सिया, आज आईजवळ गोष्ट ऐक बरं.” सिया ऐकायची, पाच मिनिटं, पाहुण्यांकडे बसवलेल्या मुलासारखी, आणि मग जिन्याकडे बघत राहायची. सासूबाई मुद्दाम बाजूला होत होत्या हे दिसत होतं, पण ऋताला त्याचाही रागच यायचा. बाजूला व्हायला आधी मधे असावं लागतं.

प्रदर्शनाला सहा दिवस राहिले असताना पेटीच्या तळाशी धुण्याच्या याद्या म्हणून बांधून ठेवलेला एक गठ्ठा ऋताने उघडला. याद्याच होत्या, उशांचे अभ्रे, रुमाल, पायमोजे. त्यांच्यात एका पाकिटात एक पत्र घडी करून ठेवलेलं होतं. अक्षर ओटिलीचं, पण आईला लिहिलेलं नव्हतं. महाराणीला लिहिलेलं. साल १८५६, सप्टेंबर. म्हणजे आमेलीला नेलं त्याच्या दोन महिने आधी.

पहिल्या ओळीला ऋताला वाटलं, ही विनवणी असणार, माझी मुलगी नेऊ नका म्हणून. ती वाचत गेली.

“महाराणीसाहेबांना विनंती, की आमेलीला पुढचे दोन हिवाळे आपल्याकडे ठेवून घ्यावं. युवराज दक्षिणेला जात आहेत आणि मला त्यांच्याबरोबर जायचं आहे. मूल सारखं खोकतं आणि मी एका खोलीत बसून असते. असंच चाललं तर माझ्यातलं काहीच उरणार नाही. ही इच्छा माझी आहे हे मात्र कुणाला कळू नये. आपलीच इच्छा आहे असं लोकांना वाटू द्यावं, एवढी कृपा करावी.”

महाराणीने तेवढी कृपा केली होती. तेहतीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या, नातीचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. मरायच्या आधी तिने ते पत्र लिहिणारीला परत पाठवलं. पाकिटावर तिची मोहोर आणि १८८९ची तारीख होती, आत दुसरी चिठ्ठीचपाटी काही नव्हती. ओटिलीने ते जाळायला हवं होतं. का जाळलं नाही, देव जाणे.

ऋताने पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. आता ऋताचंही खरं सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई दुसऱ्या खोलीत सियाला थोपटत असताना, ऋतानेच, एका भिंतीपलीकडून, त्यांना मेसेज पाठवला होता. तोंडावर बोलायची लाज वाटली म्हणून मेसेज. ‘आई, रागावू नका. तुम्ही सियाला दोन वर्षं घेऊन जाल का? हे काम गेलं तर मला वेड लागेल. देवदत्तला मी समजावते.’ सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, “बाळ लहान आहे गं. पुन्हा विचार कर.” ऋताने विचार केलेला होता. चौथ्या दिवशी ती आणि देवदत्त बँकेत जाऊन नोटरीसमोर संमतिपत्रावर सह्या करून आले. विमानतळावरून परतल्यावर तिला रडू आलं ते खरंच होतं. पण त्या रडण्याला लोकांनी कारण विचारलं, तेव्हा तिने खरं कारण दिलं नाही. मुलगी नेली म्हटलं की लोक ताटात पोळी वाढतात. मुलगी दिली म्हटलं की काय वाढतील, हे तिला न सांगताच कळलं होतं. बापाला मात्र दोन्हीकडे कुणी काही विचारत नाही. ना युवराजाला, ना देवदत्तला.

पत्र कॅरलबाईंना दाखवायला हवं होतं. फलक छापून झाले होते, सर्वांत मोठ्या फलकावर लिहिलं होतं ‘चोरलेलं मूल’. ऋताने पत्र घडी करून पुन्हा रुमालांच्या याद्यांत ठेवलं. वहीत लिहिलं, ‘धुण्याच्या याद्या, तपशील नंतर.’ ती स्वतःला सांगत होती की फलकांचा घोळ नको म्हणून. घोळ फलकांचा नव्हता.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला सासूबाईंना नेऊ नये असं तिच्या मनात होतं, पण देवदत्तने आधीच सांगून टाकलं होतं. सासूबाई नागपुरी करवती टसर नेसल्या, वर कोट, पायात देवदत्तचे बर्फाचे बूट. सियाचा हात धरून त्यांनी एक एक फलक सावकाश वाचला. ऋता लोकांशी बोलत होती आणि एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होती. दाराजवळच्या टेबलावर वार्तापत्राचे गठ्ठे होते. सासूबाईंनी एक उचललं, सुनेचा फोटो पाहून त्यांचा चेहरा फुलला. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा बदलला आणि वाचायला लागल्या.

कॅरलबाई त्यांच्याजवळ गेल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. “म्हणजे तुम्हीच त्या आजी,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या ते फक्त दात दाखवण्यापुरतं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर राहत असतील तशा. हो, मीच ती, असं त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, आणि माझी सून फार हुशार आहे, तुम्ही तिची कदर केलीत त्याबद्दल आभार, असंही म्हणाल्या. मग त्यांनी वार्तापत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवदत्त ऑफिसला गेला, सिया खाली गालिच्यावर चमचे मांडून बसली, आणि सासूबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला.

“ऋता, त्यात छापलंय ते तू सांगितलं?”

“त्यांनी जरा वाढवून लिहिलंय, आई. इकडे असंच—”

“चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी. अवतरणचिन्हं कशाला लावतात ते कळते मला.”

काहीतरी जोरात बोलावं, भांडण काढावं, म्हणजे सुटका होईल असं ऋताला वाटलं. तिने म्हटलंही, की तुम्हाला काय, तुम्हाला ती मिळाली, तिचं चालणं, तिचे दात, सगळं तुम्हाला मिळालं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. नाकारलं नाही.

“मिळालं, खरं आहे,” त्या म्हणाल्या. “म्हातारपणी एवढं सुख मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणून तर लोकांना तू काय सांगते ते मी विचारत नाही. मला एवढंच सांग, सियाला पण तू हेच सांगशील का?”

“नाही, आई. शप्पथ.”

सासूबाईंनी फोन काढला. बराच वेळ बोट फिरवत त्या दोन वर्षं मागे गेल्या आणि फोन ऋतासमोर धरला. तो मेसेज तिथेच होता, शब्दन् शब्द, खाली सासूबाईंचं काहीच उत्तर नव्हतं. ऋताने वाचला. मग त्यांनी त्यावर बोट दाबून धरलं, आणि तो पुसून टाकला.

“उद्या पोरगी मोठी होईल, माझा फोन चाळेल,” त्या म्हणाल्या. “आईने मला देऊन टाकलं होतं, हे तिच्या हाती लागायला नको. आता राहिलं ते तुझ्या तोंडात. सिया इथे राहू दे. माझं तिकीट अलीकडचं करायला सांग देवदत्तला.”

ऋताला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. “राहा ना आई, एप्रिलपर्यंत तरी,” असं तोंडातून यायला हवं होतं. ते आलं नाही. एप्रिलपर्यंत सिया त्यांच्याच कुशीत झोपली असती.

तिकीट रविवारचं मिळालं. जायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या की मला सियाला सांगून जायचं आहे, मी समजावते तिला, ती शहाणी आहे. ऋताने डोकं हलवलं. ती रडेल, विमानतळावर तमाशा होईल, त्यापेक्षा दुपारी झोपली असताना निघा. मुलांना असंच बरं पडतं, तिने कुठेतरी वाचलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “बरं. तू आई आहे.” रविवारी दुपारी त्या झोपलेल्या सियाच्या तळपायांना हात लावून खाली आल्या, आणि बूट घालताना त्यांना लेस बांधता येईना, म्हणून देवदत्तने खाली बसून बांधून दिली.

सोमवारी ऋताने एक चांगलं काम केलं. तिने धुण्याच्या याद्यांतून पत्र काढलं, कॅरलबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि वाचून दाखवलं. कॅरलबाई हरखल्या. गेल्या पन्नास वर्षांत ओटिलीबद्दल एवढं मोठं काही सापडलं नव्हतं. मोठा फलक उतरवला, नवा छापला, त्यावर ओटिलीचं ते पत्र आणि खाली ऋताचं नाव. जर्मनीहून दोन प्राध्यापकांच्या मेल आल्या. एवढं धैर्याचं, प्रामाणिक काम विरळा, असं कॅरलबाई बैठकीत म्हणाल्या. ऋता खाली बघत राहिली. मेलेल्या बाईचं खोटं चव्हाट्यावर मांडायला धैर्य लागत नाही, हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं. वार्तापत्राच्या लेखात दुरुस्ती करायला तिने सांगितलं नाही, आणि कुणाला ते सुचलंही नाही.

सिया पहिले चार दिवस रडली. नुसती रडली असती तर बरं, पण ती घरभर शोधायची. कपाटं उघडायची, न्हाणीघराचा पडदा सरकवायची, आजीच्या खोलीत पलंगाखाली वाकून बघायची. पाचव्या दिवशी शोध संपला. तिने ऋताच्या हातून दहीभात खाल्ला आणि खाता खाता विचारलं, “आजी कशाला गेली?”

देवदत्त बाजूलाच लॅपटॉपवर होता. त्याने मान वर केली नाही.

ऋताला सगळं ठाऊक होतं. ओटिलीने मुलगी परत आल्यावर तिला काय सांगितलं, ते तिनेच तर उतरवून काढलं होतं. ‘तुझ्या आजीने तुला माझ्यापासून तोडलं.’ त्यानंतर आमेली आजीच्या महालात कधी गेली नाही, तिच्या अंत्ययात्रेलाही नाही. ऋताला एवढंच म्हणायचं होतं, की मी सांगितलं म्हणून गेली गं, तुला सांगून जाणार होती, मीच नको म्हटलं. वाक्य तयार होतं. पण समोर सिया पहिल्यांदाच तिच्या हातचा घास तोंडात घेऊन बसली होती, आणि खरं ऐकून तिने तो थुंकला तर, हा धोका ऋताला पत्करवला नाही.

“आजीला तिच्या घरी जायचं होतं,” ती म्हणाली.

“मला सोडून?”

“हो.”

सियाने घास चावला. रडली नाही. बराच वेळ विचार करून तिने पुढचा घास मागितला, आणि त्या दुपारी पहिल्यांदा ती ऋताच्या कुशीत येऊन झोपली. ऋताला तिच्या केसांचा वास आला, नागपूरच्या तेलाचा वास आता त्यात राहिला नव्हता. दोन वर्षं ती या एका दुपारची वाट पाहत होती. ती हलली नाही, हात मुंग्यांनी भरून गेला तरी.

शनिवारी नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. इतके दिवस ऋता सियाला बोलू देत नव्हती, जरा रुळू दे म्हणून, आणि सासूबाईंनीही ते मानलं होतं. आज तिने फोन उचलला. पलीकडे सासूबाई पुढे वाकून बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, हातात कापडाची नवी बाहुली. सिया सोफ्यावर बसली होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं, आजीला ओळखलं, आणि तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

“बोल ना सिया, आजी आहे,” ऋता हळू म्हणाली.

“नाही. ती मला सोडून गेली.” एवढं तिने शुद्ध पुणेरी मराठीत सांगितलं आणि उशी तोंडावर ओढून घेतली.

ऋताने फोन चटकन आपल्याकडे वळवला. पलीकडे ऐकू गेलं की नाही, तिला कळलं नाही. सासूबाई बाहुली खाली ठेवत होत्या.

“झोपली का ती?” त्यांनी विचारलं.

“हो आई,” ऋता म्हणाली. “आत्ताच झोपली.”

सासूबाईंनी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. ॲन आर्बरमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि सियाच्या झोपेच्या वेळा त्यांच्याइतक्या दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हत्या.